बिळातला वायू आणि घराची भिंत

सोयाबीनची पोती घरात आली की त्यांच्या पाठोपाठ उंदीर येतो. उमरी, भोकर, धर्माबाद, नायगाव या आपल्या पट्ट्यात हे नवीन नाही. भाव वाढेपर्यंत माल थांबवायचा म्हणून पोती ओसरीत, माजघरात, जागा नसेल तर झोपायच्या खोलीतही रचली जातात. सोयाबीन जात नाही तोवर तूर येते, तूर जात नाही तोवर हरभरा. एव्हाना घुशींनी भिंतीच्या बुडाशी बिळे पाडलेली असतात, पोत्यांना भोके पडलेली असतात आणि रात्रीची झोप उडालेली असते. मग कोणीतरी सुचवते, "गोळी टाका, एका रात्रीत काम होईल."

ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. आपल्याकडे तिला सल्फासची गोळी म्हणतात, कोणी नुसतीच धान्यातली गोळी म्हणतात. बिळात टाकून वर चिखल लिंपला की उंदीर आतल्या आत मरतो, हे खरे आहे. पण ती घराच्या भिंतीलगत टाकली तर काय होते, कायदा तिच्याबद्दल काय सांगतो आणि काय सांगायचे राहून जाते, हे घराघरांत माहीत असायला हवे. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही या गोळीला दिले आहे.

प्रथम ही गोळी काम कशी करते ते पाहू. गोळी स्वतः उंदराला मारत नाही. हवेतला किंवा मातीतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू निघतो आणि मागे राखाडी भुकटी उरते. हा वायू हवेपेक्षा थोडा जड असतो, पण तळाशी बसून राहत नाही. बिळाच्या शाखांत, मातीच्या फटींत, विटांच्या सांध्यांत, पोत्यांच्या थरांत, जिथे वाट मिळेल तिथे तो शिरतो. वखारीतल्या धान्याच्या थप्पीत तो तळापर्यंत पोहोचतो तो याच गुणामुळे, आणि भिंतीपलीकडे झोपलेल्या लेकरापर्यंत पोहोचतो तोही याच गुणामुळे.

त्याचे प्रमाण समजून घ्यायला थोडा हिशेब करू. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन निघतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी एक बंद खोली घ्या. त्या खोलीत एका गोळीचा सगळा वायू मिसळला तर हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे २५ भाग होतात. दिवसभर काम करणाऱ्या धडधाकट कामगारासाठी बरीच वर्षे मानलेली मर्यादा ०.३ भाग आहे. म्हणजे एकच गोळी त्या मर्यादेच्या ऐंशीपट वर जाते. ५० भागांना तर जिवाला तत्काळ धोका धरतात, आणि तिथे पोहोचायला दोन गोळ्या पुरतात. हा हिशेब खिडक्या-दारे बंद असलेल्या खोलीचा आहे. पण थंडीच्या दिवसांत आपण रात्री खिडक्या-दारे बंदच ठेवतो, आणि उंदराचा उपद्रवही त्याच दिवसांत जास्त असतो.

पुष्कळांना वाटते, वास आला की कळेल. बाजारात मिळणाऱ्या गोळीच्या वायूला लसणासारखा किंवा कार्बाइडसारखा वास येतो, हे खरे. पण तो वास बहुतेक त्यातल्या इतर अशुद्ध घटकांचा असतो. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. शिवाय झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईलच असे नाही. म्हणून वास येत नाही, म्हणजे वायू नाही, असे कधीच धरू नये.

आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना पेव आठवत असेल. जमिनीखालच्या पेवात ज्वारी साठवत, आणि पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड उघडे ठेवून हवा खेळू द्यायची, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर माणसाने खाली जायचे नाही. कोंडलेली हवा माणूस मारते हे आपल्या आजी-आजोबांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. पण फॉस्फीनपुढे ही युक्ती चालत नाही. माणसाला मारण्याइतका फॉस्फीन हवेत असला तरी कंदील छान जळत राहतो. उलट हा वायू दाट झाला तर तो स्वतःच पेट घेऊ शकतो. जुन्या धोक्याची जी खूण आपल्याला माहीत होती, ती या नव्या धोक्याला नाही. म्हणूनच इथे अनुभवावर विसंबता येत नाही, नियम लागतो.

आता नियम काय आहे ते पाहू. आपल्या देशात कीटकनाशकांसाठी १९६८ चा कायदा आणि १९७१ ची नियमावली आहे. त्यांखाली ॲल्युमिनियम फॉस्फाइडवर बंदी नाही, पण ते निर्बंधित वापराच्या यादीत आहे. या औषधाने कीड किंवा उंदीर मारण्याचे काम सरकारी यंत्रणेने, सरकारी उपक्रमांनी किंवा कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांनीच करायचे, आणि तेही सरकारी तज्ज्ञाच्या किंवा केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागाराने मान्य केलेल्या तज्ज्ञाच्या कडक देखरेखीखाली, असे ती यादी सांगते. अशा व्यावसायिकाला वेगळा परवाना घ्यावा लागतो. जुलै २००१ मध्ये ३ ग्रॅमच्या दहा आणि वीस गोळ्या मावणाऱ्या नळ्यांचे उत्पादन, विक्री आणि वापर पूर्ण बंद करण्यात आला. घरोघरी नळी पोहोचत होती आणि रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणी ती हाताशी सापडत होती. त्या क्षणी गोळी हाताशी नसली तर जीव वाचतो. कर्जाने पिचलेल्या मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको.

कागदावर हा नियम चांगला आहे. पण त्यात दोन फटी आहेत, आणि आम्हाला त्यांच्याबद्दलच मुख्यतः बोलायचे आहे.

पहिली फट सवलतीची. देखरेखीच्या अटीतून १५ टक्क्यांची १२ ग्रॅमची गोळी आणि ६ टक्क्यांची गोळी वगळली आहे. ऐकताना वाटते, ५६ टक्क्यांच्या जागी १५ टक्के, म्हणजे औषध सौम्य झाले. पण हिशेब करून पाहा. ३ ग्रॅमच्या गोळीत ५६ टक्के म्हणजे १.६८ ग्रॅम औषध असते. १२ ग्रॅमच्या गोळीत १५ टक्के म्हणजे १.८ ग्रॅम. दोन्हींतून शेवटी निघणारा वायू साधारण एकेक ग्रॅमच आहे. गोळी मोठी झाली, गिळायला अवघड झाली, हा फायदा आहेच. पण ती बिळात टाकली तर खोलीत येणारा वायू तेवढाच. वेष्टनावरचा टक्का पाहून निर्धास्त झालेला घरधनी इथेच फसतो.

दुसरी फट अंतराची. निर्बंधित यादीतली ती ओळ हे औषध कोणी वापरावे ते सांगते. घरापासून, गोठ्यापासून किती अंतर सोडून वापरावे, हे त्या ओळीत नाही. आणि बिळाच्या बाबतीत सगळा प्रश्न अंतराचाच असतो. घुशीच्या बिळाला एकच तोंड नसते. बाहेर गल्लीत जे भोक दिसते, त्याची दुसरी वाट चुलीमागे, मोरीच्या कोपऱ्यात किंवा पलंगाखाली निघालेली असू शकते. आपण बाहेरचे तोंड लिंपून घेतले की वायूला आतली वाट मोकळी राहते. जुन्या गावठाणात तर दोन घरांची भिंत एकच असते. गोळी आपण टाकायची आणि वायू शेजाऱ्याच्या खोलीत निघायचा, असे तिथे सहज होऊ शकते.

ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेच्या युटा राज्यात लेटन नावाचे गाव आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथल्या एका घराच्या अंगणातल्या बिळांत कीडनियंत्रण करणाऱ्यांनी याच औषधाच्या गोळ्या टाकल्या. गोळ्या घराबाहेर होत्या, टाकणारे व्यावसायिक होते. तरी वायू घरात शिरला आणि चार वर्षांची आणि सव्वा वर्षाची अशा दोन सख्ख्या बहिणी दगावल्या. दोनच महिन्यांत तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नियम बदलला. राहत्या वस्तीच्या आसपास बिळांत हे औषध वापरायलाच बंदी केली, आणि इतरत्र माणसे किंवा जनावरे असलेल्या इमारतीपासूनचे अंतर १५ फुटांवरून १०० फूट केले. लेटनमधल्या कामाला परवानाही आड आला नाही. घर आणि बीळ यांत पुरेसे अंतर असते तर त्या मुलींपर्यंत वायू पोहोचला नसता. नियम बदलताना त्या देशाने नेमके हेच ओळखले.

जानेवारी २०१७ मध्ये टेक्सास राज्यातल्या ॲमरिलो शहरात घराखाली उंदरांसाठी गोळ्या टाकल्या होत्या. वास येऊ लागला म्हणून घरच्या माणसाने पाण्याचा मारा केला. पाण्याने वायू एकदम उसळला आणि एकाच घरातली चार मुले गेली. आपल्या देशातली गोष्ट घ्यायची तर नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या कुंद्रत्तूर इथे कीडनियंत्रण करणाऱ्यांनी घरात ठेवलेल्या उंदराच्या औषधाची वाफ वातानुकूलित खोलीत कोंडली, आणि तिथे झोपलेली दोन लहान मुले दगावली. आई-वडिलांना रुग्णालयात ठेवावे लागले. आखाती देशांत शेजारच्या फ्लॅटमध्ये टाकलेल्या गोळ्यांनी मुले गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आपल्या कित्येक घरांतली माणसे तिकडे एकाच इमारतीत दाटीने राहतात, त्यांनाही फोनवर ही गोष्ट सांगून ठेवावी.

या सगळ्या घटनांत दगावली ती मुले. याचे कारण साधे आहे. लहान मुलाचा श्वास जलद असतो आणि वजन कमी. तेवढ्याच हवेत त्याच्या शरीराच्या मानाने जास्त विष जाते. शिवाय आपल्याकडे लेकरे जमिनीवरच्या अंथरुणात, भिंतीच्या कडेला झोपतात.

मग ही गोळी पूर्णच बंद करावी, असे कोणी म्हणेल. आमचे मत तसे नाही. तीस वर्षांपूर्वीचे आपल्याच मराठवाड्यातले उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद हादरले, सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतरच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. भूकंपानंतर रिकामी पडलेली घरे आणि त्यांत साठलेले धान्य यांमुळे उंदीर वाढले, असे कारण तेव्हा तज्ज्ञांनी मांडले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडवला. उंदीर वाढू देणे किती महाग पडते, हे आपल्याला तेव्हा कळले.

प्लेगच्या बाबतीत एक बारकावा आहे. रोग उंदराच्या अंगावरच्या पिसवा पसरवतात. आमिषातून विष खाऊन उंदीर मेला की थंड पडलेल्या अंगावरून पिसवा उतरतात आणि माणसाकडे वळतात. म्हणून आधी पिसवांचा बंदोबस्त करावा लागतो. बिळात वायू सोडला तर उंदीर आणि पिसू दोघेही आतच मरतात. अशा वेळी जाणत्या पथकाच्या हातात हे औषध हवेच. वखारीतले धान्य किड्यांपासून वाचवायलाही त्याचा उपयोग आहे. तिथे थप्पीवर जाड प्लॅस्टिक टाकून कडा दाबतात, ठरलेले दिवस कोणी आत जात नाही, मग हवा खेळू देऊन तपासणी होते. तिथे रात्री कोणी झोपत नाही, हा आपल्या घरात आणि वखारीत मोठा फरक आहे.

काही औषधे मात्र जाणत्या हातातही नकोत असे ठरले. पूर्वी उंदरांच्या बिळांत पंपाने कॅल्शियम सायनाइडची भुकटी सोडत असत. आज ते आपल्या देशात बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे. म्हणजे काळाप्रमाणे नियम कडक करता येतात, तसे ते झालेही आहेत. फॉस्फाइडच्या बाबतीत फक्त अंतराची एक ओळ घालायची आहे.

उंदीर मारण्याला आपल्या धर्मात हरकत नाही. उपद्रवी म्हणून जे पाच जीव मारायला परवानगी आहे त्यांत उंदीर आहे, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. रात्री झोपताना दिवे विझवण्याची जी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली, तिचे कारणही उंदीर वात ओढून घराला आग लावतो, हेच सांगितले आहे. उंदरापासून घराला धोका असतो याची दखल त्या शिकवणीत आहे, आणि उपायात सावधपणाही आहे. जीव मारायचाच झाला तर तोही नीट रीतीने, विनाकारण हाल न करता मारावा, आणि आपल्यामुळे दुसऱ्याला इजा पोहोचू नये, हेही त्याच शिकवणीत आहे. भिंतीपलीकडचा शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या खोलीत आपला वायू जाऊ देणे या शिकवणीत बसत नाही.

आता घरात काय करावे ते सांगतो. पहिला आणि शेवटचा नियम एकच: घरात, अंगणात, घराच्या भिंतीलगत ही गोळी कोणत्याही टक्क्याची असो, टाकायची नाही. धान्याच्या कोठीत टाकून ती कोठी झोपायच्या खोलीत ठेवायची नाही. दुकानात सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून कोणी देऊ लागला तर घ्यायच्या नाहीत. मूळ वेष्टन, त्यावरचा लाल त्रिकोण, सोबतचे माहितीपत्रक आणि बिल यांशिवाय विषारी औषध विकणे नियमात बसत नाही.

गोळीवाचून उंदीर जात नाही, हा समज खरा नाही. उंदराला घरात ठेवतात त्या तीन गोष्टी: अन्न, पाणी आणि लपायला जागा. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर सोडा, म्हणजे मागून झाडता येते आणि नवे बीळ लगेच दिसते. शक्य असेल तर खाण्याचे धान्य पत्र्याच्या कोठीत घ्या. बिळे नुसत्या मातीने बुजवू नका. काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा. अर्ध्या इंचाच्या भोकातून उंदीर शिरतो आणि पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून घरउंदीर शिरतो. दाराखालची फट पत्र्याची पट्टी मारून बंद करा. मोरीला जाळी लावा. रात्रीची खरकटी भांडी, कोंबड्यांचे उरलेले दाणे तसेच सोडू नका. पिंजरे आणि चाप एकाच रात्री जास्त संख्येने, भिंतीच्या कडेने लावा, कारण उंदीर भिंत धरूनच चालतो. औषध वापरायचेच असेल तर ब्रोमॅडिओलोनची तयार वडी लहान मुले आणि शेळ्या पोहोचणार नाहीत अशा पेटीत ठेवा. तेही विषच आहे, पण त्यावर डॉक्टरांकडे व्हिटॅमिन केचा उतारा आहे. फॉस्फीनवर उताराच नाही.

शेतातली गोष्ट थोडी वेगळी. तिथे बिळात वायू सोडण्याचे काम कृषी खात्याच्या देखरेखीत किंवा परवानाधारक माणसाकडून करून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा बिळात सोडलेला वायू भेगांतून निघून जातो, उंदीर वाचतो आणि पैसे वाया जातात. कोरड्या मातीत गोळी नीट उमलतही नाही. काम आदल्या दिवशी सगळी बिळे मातीने बंद करून सुरू होते. दुसऱ्या दिवशी जी उघडलेली दिसतात तीच चालू बिळे. एवढे केले तरी औषध कितीतरी कमी लागते. ज्या बिळातून धामण येते-जाते ते बीळ सोडा. धामण तुमचेच काम फुकट करते. आणि एकट्याने आपल्याच बांधावर औषध करून उपयोग नाही. शेजारच्या बांधावरचे उंदीर आठ-पंधरा दिवसांत रिकाम्या बिळांत येऊन राहतात. पेरणीआधी गावाने मिळून एकाच आठवड्यात मोहीम केली तरच फरक दिसतो.

शेतात घर नसते असे समजू नका. आखाड्यावर सालगडी बायकोमुलांसह झोपतो. ऊसतोड कामगारांच्या कोपी तर बांधालगत, उघड्या जमिनीवर उभ्या असतात आणि त्यांची लेकरे मातीवरच निजतात. घरापासूनचे अंतर मोजायचे तर आखाडा आणि कोपीही घरच धरली पाहिजे. पक्क्या भिंतीच्या घरात वायू शिरतो, तर पाचटाच्या कोपीत शिरायला त्याला काय लागते?

एवढे करूनही कुठे प्रसंग आलाच तर काय करावे? या विषबाधेची लक्षणे फसवी असतात. मळमळ, उलट्या, डोकेदुखी, छातीत दाटल्यासारखे होणे, धाप, कमालीचा थकवा. घरातल्या दोन-तीन माणसांना एकदम असे झाले की आपण म्हणतो, रात्रीचे जेवण बाधले. पण घरात किंवा शेजारी गेल्या दोन-तीन दिवसांत उंदराचे औषध टाकले असेल, तर आधी सगळ्यांना उघड्या हवेत आणा. खिडक्या-दारे उघडा, पण आत थांबून गोळ्या शोधत बसू नका आणि त्यांवर पाणी तर मुळीच टाकू नका. १०८ ला फोन करा. उमरीहून नांदेडच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचायला तासभर तरी जातो, म्हणून बरे वाटेल या आशेवर वेळ घालवू नका. हा वायू हृदयावर घाला घालतो आणि सुरुवातीला बरा वाटणारा माणूस काही तासांनी खालावतो. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "घरात फॉस्फाइडची गोळी टाकली होती." वेष्टन हाताशी असेल तर सोबत न्या. उताऱ्याचे औषध नसले तरी वेळेवर प्राणवायू आणि हृदयाचा आधार मिळून माणसे वाचतात.

शेवटी मागणीचे. येत्या ग्रामसभेत, नगरपरिषदेत आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांपुढे तीन गोष्टी मांडाव्यात असे आम्हाला वाटते. एक, सुट्या गोळ्यांची विक्री बंद व्हावी आणि दुकानांची तपासणी हंगाम सुरू होण्याआधी व्हावी. दोन, उंदीर नियंत्रणाचे प्रशिक्षित पथक तालुक्याला असावे, म्हणजे गरज असलेल्याला चोरून गोळी आणावी लागणार नाही. तीन, राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा की कोणत्याही टक्क्याच्या फॉस्फाइडसाठी घर, आखाडा, कोपी आणि गोठा यांपासूनचे किमान अंतर फुटांत लिहिले जावे आणि ते वेष्टनावर मराठीत छापले जावे. दुसऱ्या देशाने दोन मुली गमावून १०० फूट लिहिले. आपल्याला ते लिहायला तशी किंमत मोजायची गरज नाही.

हा अंक घरात वाचून झाला की कोठीमागे, माळ्यावर, शेतातल्या पेटीत जुन्या गोळ्या पडल्या आहेत का ते पाहा. सापडल्या तर उघडू नका, चुलीत टाकू नका, नाल्यात फेकू नका. वेष्टनासह कोरड्या, कुलूपबंद, राहत्या घराबाहेरच्या जागी ठेवा आणि कृषी खात्याच्या माणसाला कळवा. आणि हे काम मुलांना सांगू नका, घरातल्या मोठ्याने स्वतः करा.